घमेलं कुठे आहे?

स्कूटरखालचा नट सुटला आणि काळं तेल सरळ जमिनीवर आलं. आधी धार, मग थेंब. खाली घमेलं नव्हतं, डबा नव्हता, रद्दी पेपरचं पानसुद्धा नव्हतं. होती फक्त माती. नवी मुंबईत, वाशीतल्या एका गॅरेजसमोरची, बदामाच्या झाडाखालची, पायाला चिकटणारी काळी माती.

मी गॅरेजच्या उस्तादांना विचारलं, "दादा, खाली घमेलं का नाही ठेवत?"

"मोठ्या गाडीचं तेल डब्यात धरतो ना ताई, त्याला भंगारवाला पैसे देतो. स्कूटरचं एवढंसं तर असतं."

एवढंसं म्हणजे किती, ते मांडून बघू. एका स्कूटरचं पाऊण लिटर धरा. दिवसाला पाच स्कूटरी, वर्षाचे तीनशे दिवस. झालं अकराशे लिटरच्या वर. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती भरून वाहील एवढं तेल दर वर्षी एका झाडाच्या बुंध्याशी.

काम आटोपल्यावर तिथल्या पोराने हात धुतले. मिसरूड फुटायच्या वयाचा मुलगा. त्याने आधी बाजूची कोरडी माती मुठीत घेतली आणि मनगटापर्यंत चोळली. माती तेल ओढून घेते, गॅरेजातली ही जुनी युक्ती आहे. मग चिमूटभर कपड्यांची पावडर, मग एक मग पाणी. मग तोच हात कागदात बांधलेल्या वडापावकडे गेला. नखांच्या कडा अजून काळ्याच होत्या.

त्या मुठीत काय होतं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नुसतं तेल असतं, तर मातीतल्या जिवाणूंनी ते हळूहळू का होईना, खाऊन संपवलं असतं. पण इंजिनमधून बाहेर येतं ते नुसतं तेल नसतं. नव्या तेलात झीज रोखण्यासाठी जस्ताचं संयुग घातलेलं असतं. ते तेल हजारो किलोमीटर इंजिनभर फिरतं आणि येताना इंजिनची झीज सोबत घेऊन येतं. रिंगांचं क्रोमियम, बेअरिंगचं तांबं आणि शिसं, सिलिंडरचं लोखंड. तेल काळं होतं त्यात काजळीबरोबर ही धातूची भुकटीही असते.

आणि तेल हा एकच वाटेकरी नाही. त्याच गॅरेजभोवती चार पावलं फिरून या.

बॅटरीवाल्याकडे बघा. गाडीच्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. जुनी बॅटरी भंगारात देताना आतलं अॅसिड मातीत ओतलं, की शिशाचा गाळ त्याच्याबरोबर गेला. वर अॅसिडने जमीन आंबट होते, आणि आंबट जमिनीत आधीपासून घट्ट बसलेले धातूही सुटे होऊन पाण्याबरोबर चालू लागतात.

टायरवाल्याकडे बघा. चाक बॅलन्स करायला रिमवर करड्या धातूचे तुकडे ठोकतात. ते कितीतरी ठिकाणी आजही शिशाचे असतात. रस्त्यावर पडतात, चाकांखाली चिरडून त्यांची भुकटी होते. युरोपने मोटारींच्या चाकांवरची शिशाची वजनं २००५ मध्ये बंद केली. टायरच्या रबरातही जस्त असतं.

ब्रेकवाला लायनर बदलतो आणि ड्रम फुंकून साफ करतो. ती धूळ तांब्या-लोखंडाची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने हटवायला घेतलं, कारण पावसाबरोबर ते ओढ्यांत उतरत होतं आणि मासे त्याने हैराण झाले होते.

रेडिएटरवाला जुन्या तांब्या-पितळेच्या जाळीला सोल्डर लावतो, त्यात शिसं आणि कथील. डेंटिंग-पेंटिंगवाला जुना रंग घासतो. वाहनांच्या जुन्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम. रंगातल्या शिशावर आपल्याकडे २०१६ चे नियम आहेत, दहा लाख भागांत फक्त ९० भागांची मर्यादा आहे. पण ते नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. भिंतीचा रंग सुरक्षित केला आणि गाडीचा रंग तसाच सोडला. ती पिवळी धूळ फुटपाथवर बसते आणि आपण तिच्यावरून चालत घरी येतो.

धातूचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो. तो सडत नाही. पालापाचोळा कुजतो, तेल विरतं, प्लास्टिकचेसुद्धा तुकडे होतात. शिसं शिसंच राहतं. मातीच्या वरच्या दोन-चार बोटांच्या थरात ते धरून बसतं आणि पिढ्यान् पिढ्या तिथून हलत नाही. देशभर शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधी वर्षानुवर्षं सायन-पनवेल रस्त्याने गेलेल्या गाड्यांच्या धुरातलं शिसं रस्त्याकडेच्या मातीत उतरत होतं. धूर केव्हाच विरला. माती विसरलेली नाही.

आणि वरचा थर म्हणजे नेमका कोणता? ज्यावर मुलं गोट्या खेळतात तो. ज्यात पोराने हात चोळले तो.

कुणी म्हणेल, ही माती मुळातच धातूंची, त्यात गॅरेजचा दोष कसा ओळखायचा? प्रश्न रास्त आहे. वाशी भरावावर उभी आहे, आणि भरावातला मुरूम म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट. त्यात तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच भरपूर. जगभरच्या बेसाल्टची सरासरी बघितली तर दहा लाख भागांत तांबं ८७ भाग, जस्त १०५, क्रोमियम १७०. त्यामुळे नुसतं तांबं जास्त सापडलं म्हणून गॅरेजवर बोट ठेवता येत नाही. पण त्याच दगडात शिसं किती? फक्त सहा भाग. म्हणून शिसं हा आपल्याकडचा खरा साक्षीदार. गॅरेजसमोरची ओंजळभर माती घ्या, तशाच भरावावरच्या पण गॅरेजपासून लांब असलेल्या बागेतली ओंजळभर माती घ्या, आणि दोन्हीतलं शिसं शेजारीशेजारी मांडा. दोन आकड्यांत जो फरक येईल, तो दगडाने आणलेला नसतो. माणसाने आणलेला असतो.

आता ही माती जाते कुठे, ते बघा.

वाशी पूर्वी खाजण होती. आगरी-कोळ्यांची शेतं, मिठागरं, बांध, आणि बांधात उघाडी. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, हे उघाडीचं काम. १९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली, तिने हेच शहाणपण मोठ्या मापाने वापरलं आणि धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर शहराचं पाणी या तलावांत थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते खाडीत जातं. म्हणून वाशी राहण्याजोगी झाली.

पण पाणी थांबलं की गाळ बसतो, आणि गाळाबरोबर धातू बसतात. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत गॅरेजसमोरची काळी माती गटारात उतरते, गटार नाल्याला मिळतं, नाला धारण तलावाला. वाशीच्या सेक्टर दहाकडच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी आपण मुलांना घेऊन फिरायला जातो, तिथलं पाणी याच व्यवस्थेचा भाग आहे. तलावात गाळ साचला की पाणी तुंबतं, म्हणून तो उपसायची मागणी दर पावसाळ्याच्या तोंडावर होते. मागणी बरोबर आहे. पण हा गाळ म्हणजे साधी माती नव्हे. चिखलात, हवेपासून दूर, धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो उपसून उघड्यावर टाकला की हवा लागते आणि ती गाठ सुटते. म्हणून गाळ काढण्याआधी तपासा. मग ठरवा तो कुठे टाकायचा. आज तो काढून उद्या कुठल्या मैदानाच्या भरावाला वापरला, तर आपणच आपल्या मुलांच्या पायाखाली तो अंथरलेला असेल.

पुढे खाडी. ठाणे खाडी ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. वाशी पुलावरून गुलाबी थवा दिसला की आपण गाडी हळू करून मोबाइल काढतो. तो पक्षी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळं खातो. त्याच चिखलात चिंबोरी राहते, निवटी राहते, आणि वाशीगावचा कोळी त्याच चिखलावर पोट भरतो. चिखलात जे गेलं, ते चोचीत जाणार आणि ताटातही येणार. एवढं समजायला कुणी शास्त्रज्ञ व्हायला नको.

रुळाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी हा याच साखळीतला आणखी एक दुवा. शिसं पानांवर धुळीतून चढतं, ते चोळून धुतलं तर बरंचसं जातं. कॅडमियम मात्र पालक मुळांतून ओढून घेतो, आणि ते धुऊन जात नाही.

मोल कोण देतं? जो सगळ्यात लहान, तो.

शिशाची अमुक पातळी रक्तात असली तरी चालते, अशी सुरक्षित रेघच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात तेवढंच शिसं गेलं तरी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं, आणि ते जाऊन बसतं वाढत्या मेंदूवर. अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, बुद्धीला खीळ बसते. ताप येत नाही, पुरळ उठत नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडेही नेत नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालाने जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता वाटावी एवढं शिसं असल्याचं सांगितलं. त्यातली २७ कोटींहून अधिक मुलं भारतातली. अमेरिकेत अंगणातल्या मातीतल्या शिशाची धोक्याची पातळी तीस वर्षं दहा लाखांत ४०० भाग होती. जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. कारण जितकं खोलात जाऊन पाहिलं, तितकं कमी शिसंही घातक निघालं.

मेकॅनिक संध्याकाळी घरी जातो, तेव्हा ही धूळ कपड्यांवर घेऊन जातो. दारात आलं की पोर धावत येऊन पायाला मिठी मारतं. त्याच पँटला.

मग कायदा काय करतो? कायदा आहे. घातक कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या वेगळ्या नियमांनी वापरलेलं तेल हा घातक कचरा ठरवलेला आहे. तो नोंद असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. २०२२ च्या नियमांनी बॅटरीचीही जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आणि जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. त्यांनुसार दूषित असल्याचा संशय असलेल्या जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आहे, आणि नागरिकांची तक्रार आली तरी ती जागा यादीत येऊ शकते.

म्हणजे वही तयार आहे. नाव लिहायचं बाकी आहे. एपीएमसीच्या घाऊक बाजाराच्या आसपास जिथे राज्यभरातून कांदा-बटाटा, धान्य, फळं घेऊन आलेले ट्रक थांबतात आणि दुरुस्त होतात, त्या रस्त्याकडेच्या जागा महापालिकेने पहिल्या यादीत घालाव्यात. एका ट्रकच्या इंजिनात पंधरा-वीस लिटर तेल असतं. तिथे "एवढंसं" म्हणायचीही सोय नाही.

पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ही लढाई मेकॅनिकशी नाही.

गाडी दुरुस्त करून वापरणं हे भंगारात टाकण्यापेक्षा केव्हाही चांगलं. वाशीच्या टॅक्सी, रिक्षा, टेम्पो आणि तुमच्या-आमच्या स्कूटरी चालतात, त्या या हातांमुळे. फुटपाथवर काम करण्याची हौस कुणालाच नसते. आखीव शहरात दुकानं आखली, पार्किंग आखलं, बागा आखल्या, आणि दहा बाय दहाच्या गाळ्यात गाडी मावत नाही हे साधं माप कुणी घेतलं नाही. आता अतिक्रमणाची गाडी आणून गॅरेजं उठवली, तर काय होईल? काळी माती इथेच राहील, आणि तीच पुन्हा दहा नव्या ठिकाणी तयार होईल.

नायजेरियाने हे करून बघितलं आहे. शहरभर विखुरलेले मेकॅनिक तिथे वेगळ्या वसाहती करून एकत्र बसवले. विचार चांगला होता. पण जमीन मातीचीच ठेवली. मग त्या वसाहतींच्या मातीत शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम साचल्याचं तिथल्याच संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिलं. धडा सरळ आहे. जागा बदलून भागत नाही, जमीन बदलावी लागते. पक्की फरशी हवी, वर छप्पर हवं म्हणजे पाऊस धूळ धुऊन नेणार नाही, आणि फरशीचं पाणी गटारात जाण्याआधी तेल व गाळ अडवणारा खड्डा हवा. हे काही रॉकेट उडवणं नव्हे. गवंडी दोन दिवसांत करून देतो.

म्हणून मागण्या पाच, आणि पाचही या पावसाळ्याआधी होण्यासारख्या.

महापालिकेने परवाना देताना पक्की फरशी आणि तेल अडवणारा खड्डा बघावा, आणि ज्याला परवडत नाही त्याला तो बांधायला मदत करावी. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसऱ्या आलेल्या शहराला एवढं जड जाऊ नये. झाडूने दिसतो तो कचरा निघतो, धातू झाडूला लागत नाही.

पालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात हवेचे आणि पाण्याचे आकडे असतात, तसा गॅरेजसमोरच्या मातीचा आणि धारण तलावांच्या गाळाचा तक्ता यावा. हातात धरून मातीतलं शिसं काही मिनिटांत सांगणारी यंत्रं आता आली आहेत.

पालिकेच्या वाशी रुग्णालयात गॅरेजातल्या कामगारांच्या आणि त्यांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं वर्षातून एकदा फुकट तपासावं.

तेल कंपन्यांनी नवं तेल गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचवलं आहे. त्याच वाटेने जुनं तेल परत न्यावं, आणि स्कूटरच्या पाऊण लिटरलाही दाम द्यावा. दाम मिळाला की तेल मातीत जात नाही. उस्तादांनी ते मला आपणहून सांगितलं होतं.

पाचवी मागणी तुमच्याकडे आणि माझ्याकडे. गाडी आपली, तेल आपलं, शिसंही आपलंच. सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर आपण बिलातले वीस रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालतो. त्याऐवजी एक प्रश्न विचारा. घमेलं कुठे आहे? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकराव्याच्या आधी ते आलेलं असेल.

मी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून एक लोखंडी घमेलं घेतलं. दोनशे रुपयांच्या आत मिळालं. सोबत हातमोज्यांचे दोन जोड घेतले आणि गॅरेजवर नेऊन दिले. उस्ताद आधी संकोचले. मग म्हणाले, "ताई, हे तर मीच आणायला पाहिजे होतं." त्या मुलाला मी मातीबद्दल सांगितलं. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं, काही बोलला नाही. पण पुढच्या स्कूटरचा नट सोडण्याआधी त्याने पायाने घमेलं खाली सरकवलं. तेल पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.

काल तिथून पुन्हा गेले. घमेलं झाडाच्या खिळ्याला टांगलेलं होतं, आतून काळं, म्हणजे वापरात. बुंध्याशी जुना डाग आहे तसाच आहे. तो माझ्या आयुष्यात जाणार नाही, त्या मुलाच्याही नाही. पण तो आता वाढत नाही. वाशीतल्या उरलेल्या सगळ्या झाडांखाली एवढं तरी झालंच पाहिजे.